कोपऱ्यातला आकडा

रंगराव देवकरांनी पिशवीतून स्टेअरिंग काढलं आणि काउंटरवर माझ्यासमोर ठेवलं. मागोमाग पायाखाली घ्यायची दोन पेडलं आली. वायर नीट गुंडाळून वर रबर लावलेलं होतं.

“ह्ये कुणी घेत आसंल तर बघ,” ते म्हणाले. “जपून वापरलंय. कुटं वरखडा न्हाई.”

“का हो काका? बिघडलं का?”

“ह्येला काय हुतंय! मीच बिघडलोय.”

असं म्हणून ते हसले, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. दोनच आठवड्यांपूर्वी ह्याच काउंटरवरून ते मोठा मॉनिटर घेऊन गेले होते. रिक्षात स्वतः कडेला अंग चोरून बसले होते आणि मधली जागा खोक्याला दिली होती. तो मॉनिटर त्यांना मी विकला होता.

ही विट्यातली गोष्ट, आठ वर्षं झाली तिला. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि महावीर चौगुल्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नवीनच लागले होते. आता माझं स्वतःचं दुकान आहे, आणि लोक म्हणतात की ही वृषाली माळी माल दाखवायच्या आधी पोलिसासारखी चौकशी करते. करते. का करते, ते सांगते.

रंगरावकाका एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं नोकरी केली आणि एक अपघात नाही. रिटायर झाल्यावर कित्येक महिने ते पहाटे साडेचारला उठून, दाढी करून, व्हरांड्यात बसून राहायचे, असं त्यांच्याबरोबर दुकानात येणाऱ्या शालनकाकू सांगायच्या. पुढं त्यांचा मुलगा संग्राम नोकरीला लागला आणि त्याचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरात पडून राहिला. कुणा भाच्यानं त्यावर बस चालवायचा गेम टाकून दिला, स्टेअरिंग आणून दिलं, आणि काकांची ड्यूटी पुन्हा सुरू झाली. सकाळी दोन फेऱ्या, जेवण झाल्यावर एक. रस्ते सगळे परदेशातले.

“पयलं आठ दिवस समोरच्याच्या अंगावरच जात हुतो,” काका सांगायचे. “तिकडं समदं उजवीकडनं. पन प्याशिंजर लई गुणाची. कुनी दारात लोंबकळत न्हाई.”

फेरीवर बसताना ते खाकी शर्ट घालतात, असंही काकूंचं म्हणणं होतं. काका ते कबूल करत नसत.

जुना पडदा साडेअठरा इंची होता. काकांना मोठा हवा होता. दसऱ्याला दोन दिवस होते तेव्हा ते दुकानात आले आणि म्हणाले, “एस्टीच्या काचंएवढा नको, पन रस्त्यावरचं मानूस मानसासारखं दिसलं पायजे.” येताना त्यांनी एक कागद आणला होता. संग्रामला विचारून कॉम्प्युटरची सगळी माहिती त्यावर उतरवली होती, सरळ ओळीत, एकाखाली एक. सगळ्यात शेवटी ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि पुढं ‘दोन जीबी’.

हे कार्ड काय करतं ते दोन वाक्यांत सांगते. पडद्यावरचं चित्र म्हणजे लाखो ठिपके. गेम चालू असताना ते सगळे ठिपके सेकंदाला कितीतरी वेळा नव्यानं भरावे लागतात, आणि ते काम कार्ड करतं. काकांचं कार्ड साध्या फुल एचडी पडद्याला पुरेसं होतं. पण दुकानात काचेआड सात महिने एक अठ्ठावीस इंची फोर-के मॉनिटर बसून होता. फुल एचडीच्या चौपट ठिपके. तो त्या कार्डाला झेपणार नाही, हे कागद वाचता वाचताच मला कळलं होतं.

त्याच सकाळी महावीरदादा मला म्हणाले होते, “वृषाली, दसऱ्याच्या आत हा मॉनिटर हलवलास तर दिवाळीपासून तू कायम.” घरी माझ्या नोकरीला मुदत दिलेली होती. दिवाळीपर्यंत कायम झाले तर ठीक, नाहीतर पाहुणे बघायला येणार होते.

मी कागदाची घडी घातली आणि काकांना परत दिली.

“हा बघा काका,” मी म्हणाले. “ह्याच्यावर जे आहे ते जसंच्या तसं दिसतं. काही लपत नाही.”

हे वाक्य मी त्या दिवसांत दहा-दहा वेळा म्हणत असे. काकांनी मॉनिटरच्या काठावरून हात फिरवला, बसच्या बॉनेटवरून फिरवावा तसा, आणि म्हणाले, “बांध.”

आणि आता ते स्टेअरिंग विकायला आले होते.

“तुम्ही बिघडलात म्हणजे काय काका?”

“पाय गेला,” ते म्हणाले. “म्हंजे चालतूय झ्याक. पन ब्रेकवर उशिरा पडतोय. स्टॉपपाशी रेघ आसती, तिथं गाडी हुबी ऱ्हायला पायजे. धा फूट फुडं जातीया. वळनाला हात उशिरा फिरतूय. पयल्यांदा वाटलं, नवीन हाय, सवय हुईल. न्हाई झाली.”

“पण आधी असं होत नव्हतं ना?”

“हुत आसंल की. बारक्या पडद्यात कळत नव्हतं. तूच म्हनालीस न्हवं, ह्येच्यात काय लपत न्हाई म्हनून? न्हाई लपलं.”

माझे कान गरम झाले. काका माझ्याकडे बघत नव्हते, पेडलाच्या वायरीवरचं रबर सारखं करत होते.

“स्कूटरची चावीबी संग्रामला दिऊन टाकली परवा,” ते म्हणाले. “मागं बाई मानूस बसतंय. उगं कशाला.”

त्या स्कूटरवरून ते काकूंना दिवसाआड भाळवणीला न्यायचे. काकूंची आई तिथं अंथरुणाला खिळलेली होती, तिला काकूंच्याच हातचा घास लागायचा. आता संग्रामला वेळ असेल तेव्हा तो नेणार होता, आणि संग्रामला वेळ रविवारीच असायचा.

तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण आतल्या केबिनचं दार उघडं होतं आणि महावीरदादा आत बसले होते.

“काका, स्टेअरिंग घरी न्या,” मी म्हणाले. “मी रविवारी येते. एकदा मॉनिटर बघते.”

“कशाला? मॉनिटर झ्याक हाय.”

“तरी येते.”

काका गेल्यावर महावीरदादा बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“सेटिंग खाली उतरव आणि चहा घेऊन परत ये,” ते म्हणाले. “कार्डाचं बोलू नकोस. परत घ्या म्हणाले तर काय करशील? खंडेनवमी झालीय मध्ये. त्या मॉनिटरवर आता हळदकुंकू असणार. मी तो कुणाला विकू?”

तसे ते वाईट नव्हते. धंदा करत होते.

रविवारी सकाळी दहाला मी देवकरांच्या घरी गेले. फाटकाच्या आत स्कूटर उभी होती, वर जुनी चादर घातलेली. संग्राम बाहेरच थांबला होता, बहुतेक माझीच वाट बघत. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, एका साखर कारखान्यात इंजिनिअर.

“मॅडम, एक मिनिट,” तो हळू आवाजात म्हणाला. “कार्डाला मॉनिटर झेपत नाहीये. त्यासाठीच आलात ना?”

मी बघतच राहिले. “तुम्हाला माहीत आहे?”

“पहिल्याच दिवशी कळलं. मीच जोडून दिला तो.”

“मग त्यांना सांगितलं का नाही?”

त्यानं एकदा घराच्या दाराकडे बघितलं.

“दोन वर्षं झाली, मी पाठीमागं लागलोय की स्कूटर सोडा. पासष्टीला आलेत. भाळवणीचा रस्ता कसा आहे तुम्हाला ठाऊक आहे, ऊस भरलेले ट्रॅक्टर-ट्रॉल्या. आई मागं बसते. ते निघाले की परत आल्याचा फोन येईपर्यंत माझं कामात लक्ष नसतं. भांडून झालं, रुसून झालं, ऐकलं नाही. आणि आता स्वतःहून चावी हातात दिली.” त्यानं स्कूटरवरची चादर सारखी केली. “राहू द्या ना मॅडम. चहा घ्या, वायर बघितल्यासारखं करा आणि जा. कुणाचं काही बिघडत नाही.”

माझे वडीलही त्याच वयाचे होते, मोटारसायकलवरून रानात जायचे, आणि मलाही त्यांची धास्ती वाटायची. शिवाय खरं सांगायचं तर मला सुटका दिसली होती. दुकानाचे मालक म्हणतात गप्प बस, घरचा मुलगा म्हणतो गप्प बस. मग मी कोण मोठी लागून गेले?

“बघते,” मी म्हणाले आणि आत गेले.

मॉनिटरला झेंडूचा हार होता, वाळून चुरा व्हायला आलेला. काठावर कुंकवाची पाच बोटं उठली होती आणि खाली टेबलाला लिंबू-मिरची टांगली होती. नोकरीत असताना काका दर खंडेनवमीला आपली गाडी धुऊन पुसून तिची पूजा करायचे. ह्या वर्षी गाडीच्या जागी हा होता. समोरची खुर्ची रिकामी होती. काका कॉटवर बसले होते, साध्या बनियनवर.

काकूंनी चहा आणला. शालनकाकू बोलक्या, पण त्या दिवशी नुसत्याच काकांकडे बघत उभ्या होत्या.

“झोपत न्हाईत बघ ह्ये,” त्या मला म्हणाल्या. “काय इचारलं तर सांगत न्हाईत.”

“काय सांगायचं त्यात,” काका म्हणाले.

मी कॉम्प्युटर चालू केला, मागची वायर हलवून बघितली, पुन्हा बसवली. संग्राम दारात उभा होता. आणखी पाच मिनिटं काढली असती तर मी निघू शकले असते. चहाचा कप मी तोंडाला लावला होता, तेवढ्यात काका बोलायला लागले. माझ्याशी नाही, मॉनिटरकडे बघून.

“मी काय इच्यार करतोय सांगू का पोरी? पाय कवा गेला आसंल?”

“म्हणजे?”

“आज गेला, का आधीच गेलावता? नोकरीत आसतानाच गेला आसंल तर?”

“काहीतरीच,” काकू म्हणाल्या.

“काहीतरीच न्हाई. रिटायर हुयाच्या वर्षाची गोष्ट हाय. एक बाई हुती, डोक्यावर भारा. एकदम रस्त्यात आली. मी ब्रेक मारला. गाडी तिला चाटून हुबी ऱ्हायली. भारा पडला, ती पडली. हाताला खरचटलं, बाकी काय न्हाई. उठून मला शिव्या देत हुती की तुजं ध्यान कुटं हाय. समदी प्याशिंजर माज्या बाजूनं बोलली. मीबी तिला बोललो, लई बोललो. चुकी तुजी हाय म्हनालो.” त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “आता वाटतंय माजीच आसंल. पाय उशिराच पडला आसंल. धा फूट आधी गाडी हुबी ऱ्हायला पायजे हुती. चाळीस-चाळीस मानसं मागं बसायची, पोरंबाळं घिऊन, माज्या पायावर. आनि मला पत्ताच न्हाई.”

संग्रामनं दाराच्या चौकटीवरचा हात खाली घेतला. त्यालाही हे माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी कप खाली ठेवला.

“काका, तुमचा पाय गेलेला नाही,” मी म्हणाले. “मी तुम्हाला चुकीचा पडदा विकला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तुमच्या कार्डाला हा मॉनिटर झेपत नाही. तुम्ही ब्रेक वेळेवर दाबता, पडद्यावर तो उशिरा दिसतो. जुन्यावर तसं नव्हतं. आता तुमचं खरं दिसतंय असं नाही काका, आताच खोटं दिसतंय.”

“कारडाचं तर मी कागदावर लिवून आनलंवतं,” ते सावकाश म्हणाले.

“हो.”

“तू वाचलावतास.”

“हो.”

“कळलंवतं तुला?”

मी मान हलवली. मग वाटलं, मान हलवून भागणार नाही. “कळलं होतं,” मी म्हणाले. “तो मॉनिटर दसऱ्याच्या आत खपवायचा होता. खपला तर मी कायम होणार होते. म्हणून बोलले नाही. माझी चूक आहे.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका कॉटवरून उठले. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

“दाव,” ते म्हणाले.

मी गेम सुरू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दाखवायची सोय चालू केली. सेकंदाला किती चित्रं तयार होताहेत त्याचा तो आकडा. बस स्टँडवरून हलली आणि आकडा दिसायला लागला. चौदा, सोळा, वळणावर अकरा.

“हे सेकंदाला साठ पाहिजेत,” मी म्हणाले. “चौदाच तयार होताहेत.”

काका पुढं वाकून आकडा बघत होते. “म्हंजे जीपचं इंजिन काडून एस्टीला जोडलं म्हन की,” ते म्हणाले. “आनि वर चाळीस प्याशिंजर.”

“तसंच.”

मी गेम बंद केला. मॉनिटरचं रिझोल्यूशन फुल एचडीवर आणलं, म्हणजे कार्डावरचं काम चौथ्या हिश्शावर आलं. मग गेममधल्या झाडांच्या सावल्या कमी केल्या, काचेवरची चमक बंद केली. संग्राम मध्येच पुढं आला आणि मला दिसत नव्हती ती एक सेटिंग त्यानंच बोट लावून दाखवली. गेम पुन्हा लावला. अठ्ठावन्न. साठ. साठ.

“ऊठ,” काका म्हणाले.

मला वाटलं घालवून देताहेत. मी पर्स उचलली. पण त्यांना खुर्ची हवी होती.

त्यांनी पिशवीतून स्टेअरिंग काढलं, टेबलाला आवळून बसवलं, पेडलं पायाखाली घेतली. काकूंनी खुंटीवरचा खाकी शर्ट काढून पुढं केला. काकांनी तो घातला, बटणंसुद्धा लावली.

पहिला स्टॉप आला. बस रेघेवर उभी राहिली. काकांनी दार उघडलं, माणसं चढली, दार लावलं. दुसरा स्टॉप रेघेवर. तिसऱ्याला एक सायकलवाला मध्ये आला, तर काकांनी गाडी त्याच्या मागं सावकाश घेतली आणि रेघेवरच उभी केली. अकरा स्टॉप होते त्या फेरीला. आम्ही तिघं उभेच होतो. कुणी कुणाला बस म्हटलं नाही. चहाच्या कपांवर साय धरली.

शेवटच्या स्टँडवर काकांनी गाडी लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. चष्मा काढून खाकी शर्टाच्या टोकानं पुसला, आणि तो पुन्हा डोळ्यांवर घातलाच नाही.

“त्या बाईचीच चुकी हुती,” ते म्हणाले.

काकू रडायला लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, लाजेचं आणि आनंदाचं दोन्ही. असं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

“काका, दुकानात मी बोलते,” मी म्हणाले. “हा परत घेऊ, लहान देऊ.” महावीरदादांना काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं, पण बोलले.

“पूजा झालीया त्येची. ऱ्हाऊ दे. चार दिसांनी पोराला म्हनतो नवीन कारड घाल.” मग त्यांनी संग्रामकडे बघितलं. “तुला ठावं हुतं?”

संग्राम खाली बघत होता. “हो.”

“किती दिस?”

“पहिल्यापासून. तुम्हाला काही होऊ नये म्हणून बाबा.”

“त्ये कळतंय मला.” काकांचा आवाज चढला नाही. “गाडी सोडायची येळ आली की मी सोडीन. पन माजं मला कळलं पायजे. दुसऱ्यानं खोटं कळवायचं न्हाई. मी पंधरा दिस त्या बाईला बघत हुतो रात्रंदिस. चावी आन.”

“आधी डोळे तपासून या,” संग्राम म्हणाला. तोही हट्टी होता. “डॉक्टर म्हणाले चालेल, तर देतो.”

“देतो काय, देतो! गाडी माजी हाय.” पण थोड्या वेळानं म्हणाले, “उद्या जाऊ. तू चल संगं.”

मी निघताना काकांनी मला मॉनिटरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

“त्यो आकडा हितंच ऱ्हाऊ दे. घालवू नको.”

“कायम?”

“कायम.”

महावीरदादांना मी सोमवारी सगळं सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दिवाळीला मी कायम झाले नाही, गुढीपाडव्याला झाले. मधल्या काळात दोन पाहुणे येऊन गेले, तेवढं सोसलं.

त्याच आठवड्यात बुधवारी दुकान बंद व्हायच्या वेळेला बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. काकांचे डोळे तपासून झाले होते, चष्म्याचा नंबर थोडा बदलला होता, बाकी डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. “बस मागं,” ते मला म्हणाले. “स्टँडवर सोडतो.” मला वाटलं, ही परीक्षा त्यांची आहे की माझी? बसले. स्कूटर जुनी होती, मागं बसणाऱ्याचं उजवीकडचं फूटरेस्ट ढिलं झालं होतं, पाय दाबला की करकरायचं. मारुती मंदिरापुढं गतिरोधक आला आणि मी भीतीनं पाय दाबला. फूटरेस्ट करकरलं. पण स्कूटर तोवर मंद झाली होती.

“भ्या नको,” काका पुढं बघतच म्हणाले. “हाय मी.”

त्यानंतर अडीच वर्षं काकांनी स्कूटर चालवली, काकूंची आई होती तोवर दिवसाआड भाळवणीला. ती वारली, तेव्हा तिचं डोकं काकूंच्या मांडीवर होतं. संग्रामनं नवीन कार्ड आणून घातलं, पण काकांनी मला मुद्दाम बोलावून कोपऱ्यातला आकडा चालू आहे ना ते तपासून घेतलं.

मग एका चैत्रातल्या दुपारी ते चालत दुकानात आले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. आले आणि काउंटरवर, जिथं एकदा स्टेअरिंग ठेवलं होतं तिथंच, स्कूटरची चावी ठेवली.

“काय झालं काका?”

“काय न्हाई झालं. हुयाच्या आत आलो.” त्यांनी पाणी मागितलं, पूर्ण तांब्या संपवला. “आठ दिस झालं, गाडी रेघंच्या फुडं जातीया. चार फूट, पाच फूट. सकाळच्या फेरीला न्हाई, दुपारच्या. मग सकाळच्याबी.”

मी घाईघाईनं म्हणाले, “मी येते बघायला. कार्ड गरम होत असेल, उन्हाळा आहे. पंख्यात धूळ अडकली असेल—”

“आकडा साठ हाय,” काका म्हणाले. “पयल्या दिवशी बगितला, साठ. काल संग्रामला बसवून बगितला, साठ. आज तीनदा बगितला.”

मला फार वाईट वाटलं. ते माझ्याकडे शांतपणे बघत होते, घरी सांगायच्या आधी एकदा कुणाला तरी सांगून बघावं तसे.

“घरी सांगितलं?” मी विचारलं.

“आता सांगतो. पयलं तुला सांगितलं.”

“मला का काका?”

“तुजी चुकी झाली तवा तू मला तोंडावर सांगितलीस न्हवं? मग माजी हुयाला लागल्यावर मी कुनाला सांगायची?”

मी चावी उचलली. हातात ती कोमट लागली, त्यांच्या मुठीत आली होती म्हणून.

“तालमीपाशी हुबी हाय गाडी,” ते म्हणाले. “तिथनं चालत आलो. घरी आनून लावशील?”

“आणि स्टेअरिंग? ते पण विकायचं का?”

“खुळी का काय! त्ये ऱ्हानार. त्येनं कुनाला लागत न्हाई.”

महावीरदादा जेवायला गेले होते, दुकान मी तेवढ्यापुरतं बंद केलं. आम्ही तालमीपर्यंत चालत गेलो. मी स्कूटर चालू केली आणि काका मागं बसले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागं बसत असावेत, हात कुठं ठेवायचे ते त्यांना समजत नव्हतं. शेवटी त्यांनी सीटच्या कडेला धरलं.

मारुती मंदिर आलं. पुढं गतिरोधक दिसला, मी ब्रेक दाबला, स्कूटर मंद झाली, पुढचं चाक चढून उतरलं.

आणि मग माझ्या मागं फूटरेस्ट करकरलं.